सूर्यभानतात्याच्या चार गोळ्या

आमच्या तात्याला गप्प बसवणं सोपं, ऐकायला लावणं महाकठीण. तुम्ही तासभर समजावून सांगा, तो मान डोलावत राहील, "व्हय पोरी, बरोबर हाय तुहं," असंही म्हणेल, आणि उठून करायचं तेच करेल.

सूर्यभान त्याचं नाव. माझा सख्खा चुलता. खुलताबादच्या डोंगरावर आमची वस्ती, आणि मेंढरं हा आमचा पिढीजात धंदा. मी शिकले आणि त्यातून निसटले. शहरात एका शाळेत विज्ञान शिकवते, सिडकोत दोन खोल्यांत राहते. तात्या मात्र सत्तरीला टेकला तरी कळपामागेच. अंगानं काटक, जिभेनं तिखट, आणि औषधपाण्याच्या बाबतीत भलताच कडक. म्हणजे मेंढरांच्या. पाऊसकाळात जंताचं औषध पाजताना एखाद्यानं बाटली पुरवायची म्हणून थोडं थोडं पाजलं, की तात्या त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा. "अर्ध्या औषधानं जंत मरत नसतेत रे शहाण्या, उलटे निबर व्हतेत. मंग पुरी बाटली वतली तरी त्यांना काय बी व्हत नाय." हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले. आता ते आठवलं की मला त्याचा रागही येतो आणि कीवही.

दिवाळीनंतर डोंगरावरचा चारा सरला की कळप खाली उतरतो. मजल दरमजल करत लासूर स्टेशनजवळ रामकिसन पाटलांच्या वावरात पोचतो. रानातलं पीक निघालं की तिथं मेंढ्या बसवायच्या. रात्रभर मेंढ्या वावरात बसतात, त्यांच्या लेंड्यांनी जमिनीला खत मिळतं, आणि बदल्यात पाटील आमच्या घराला वर्षाचं धान्य घालतात. या व्यवहाराचा कागद कधी झाला नाही. कळप पोचला की पहिल्या संध्याकाळी पाटलांच्या घरून साळूबाई, म्हणजे पाटलांची बायको, ताजी भाकरी घेऊन यायच्या. पाटील बांधावर बसून ती मधोमध मोडायचे, अर्धी तात्याला द्यायचे, अर्धी स्वतः खायचे. झाला करार. माझे आजोबा आणि पाटलांचे वडीलही असंच करायचे.

भाकरी मोडली की एकाचं दुखणं ते दुसऱ्याचं, असा आमच्याकडे समज. एका साली लांडगे कळपावर पडले तेव्हा पाटील आमच्या माणसांबरोबर काठी घेऊन रानात राहिले. पाटलांच्या विहिरीचा कडा ढासळला तेव्हा तात्या कमरेला दोर बांधून आत उतरला. एरवी तात्या त्यांना "पाटील, तुमी" म्हणायचा आणि ते त्याला "सूर्यभान, तू" म्हणायचे. तो फरक कधी मिटला नाही, पण त्यानं त्यांचं काही अडलंही नाही.

दुखणं आधी पाटलांना लागलं. प्रोस्टेटचा कॅन्सर. पुरुषांच्या मूत्राशयाखाली एक लहान ग्रंथी असते, उतारवयात तिथं हा आजार होतो. पाटलांची औषधं सुरू होती आणि त्यांचं लक्ष आजूबाजूलाही होतं. तीन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात त्यांना दिसलं, की सूर्यभान घडीघडीला घोंगडीवरून उठतो, आडोशाला जातो आणि बराच वेळ नुसता उभा राहतो.

"माह्यावाणीच व्हतंय तुला," ते म्हणाले. "चल."

"वयाचं हाय ते, पाटील."

"वयाचं माहं बी व्हतं. चल म्हन्तो ना!"

त्यांनी त्याला जवळजवळ ओढतच शहरात आणलं. तेव्हा आजार कमरेच्या हाडापर्यंत पोचला होता. आणखी उशीर झाला असता तर काही करता आलं नसतं, असं डॉक्टर म्हणाल्या. तात्या आज आहे तो पाटलांमुळे आहे. हे त्यालाही ठाऊक होतं, आणि पुढचं सगळं त्यातूनच झालं.

डॉक्टरांचं नाव मोनिका. वयानं माझ्याएवढ्याच, पण धीराच्या. त्यांनी तात्याला समजावलं, की पुरुषाच्या अंगात जे पुरुषपण देणारं रसायन तयार होतं त्यावर हा कॅन्सर पोसतो, म्हणून ते रसायनच बंद करणारं इंजेक्शन द्यायचं. तात्यानं थोडा विचार केला.

"म्हंजी मला खच्ची करायचं म्हना की."

मी छताकडे बघायला लागले. डॉक्टरांना हसू आवरेना. "तसंच समजा आजोबा," त्या म्हणाल्या.

"जलमभर लई मेंढे केले म्या," तात्या म्हणाला. "फिटली म्हनायची त्यांची परतफेड." तिथं तो असं थट्टेवारी बोलला खरा, पण माझ्या घरी आल्यावर भिंतीकडे तोंड करून पडला आणि जेवायलाही उठला नाही. मला त्याची फार दया आली. चुलत्याला अशा वेळी पुतणीनं काय म्हणायचं हे कुणी शिकवलेलं नसतं. मी पाण्याचा तांब्या उशाशी ठेवला आणि बाहेर आले.

इंजेक्शननं दोन वर्षं चांगली दिली. तात्या पुन्हा कळपामागे चालायला लागला. मग रक्ताच्या तपासणीत या आजाराचा माग सांगणारा आकडा वर जाऊ लागला.

डॉक्टर मोनिकांनी सांगितलं ते मी शाळेत कितीदा शिकवलं होतं, पण त्या दिवशी नव्यानं ऐकलं. शरीरातल्या प्रत्येक पेशीत मरणाची सोय असते. पेशी बिघडली की तिनं आपणहून मरायचं, म्हणजे बाकीचं शरीर जगतं. कॅन्सरच्या पेशीनं ते दार आतून लावून घेतलेलं असतं. औषधं बाहेरून कितीही धडका देवोत, ती कडी काढत नाही. तात्याच्या पेशी आता रसायनावाचून जगायला शिकल्या होत्या, आणि सलाईनमधून देतात त्या नुसत्या औषधानंही सहजी मरतील असं दिसत नव्हतं.

"मरायचं इसरल्यात म्हना," तात्या म्हणाला.

"हो. त्यांना आठवण करून द्यायची एक नवी गोळी आहे," डॉक्टर म्हणाल्या. "ती कडी काढते, मग सलाईनमधलं औषध आपलं काम करतं. अजून ती अभ्यासात आहे. निवडक पेशंटना देऊन बघतोय. पण दोन्ही बरोबर हवं, आणि पूर्ण हवं. रोज सकाळी उपाशीपोटी चार गोळ्या. अर्धवट घेतली तर पेशी या गोळीलाही सरावतील, मग माझ्या हातात काही नाही."

तात्यानं मान डोलावली. तिथंच मला शंका यायला हवी होती.

पाटीलही त्या दिवशी आले होते. त्यांचीही तपासणी झाली, पण त्यांचा आजार यकृतात उतरला होता. अशा माणसाला ही गोळी लागू पडत नाही, उलट सोसतही नाही, म्हणून त्यांना अभ्यासात घेता येणार नव्हतं. डॉक्टरांनी हे त्यांना बाजूला घेऊन सांगितलं. पाटील बाहेर येऊन बाकावर बसले आणि तात्याला म्हणाले, "तुहं झालं ना? ब्येस झालं." एवढंच. तात्या त्यांच्याकडे बघतच राहिला.

माघात गोळ्या सुरू झाल्या. तेव्हा कळप पाटलांच्या वावरातच होता. दर तीन आठवड्यांनी तात्या सलाईनसाठी शहरात यायचा, माझ्याकडे मुक्काम करायचा आणि दुसऱ्या दिवशी परत जायचा. गोळ्यांची डबी रिकामी करून आणायचा, हॉस्पिटलात ती दाखवावी लागे. सगळे त्याचं कौतुक करायचे. म्हातारा शिकलेला नाही, पण गोळी चुकवत नाही! डॉक्टर त्याचे तळहात उलटेपालटे करून बघायच्या. त्या गोळीनं तळहाताची सालं निघतात, निघाली की घाबरू नका, असं त्यांनी आधीच बजावलं होतं. तात्याचे हात म्हणजे काठी धरून धरून दगड झालेले. तिथं काही दिसेना, आणि त्याचं कुणाला नवल वाटलं नाही.

नवल वाटलं ते रिपोर्टचं. आकडा उतरण्याऐवजी सावकाश चढतच होता. चैत्रात डॉक्टरांनी मला फोन केला. "पुढचा रिपोर्टही असाच आला तर गोळी बंद करावी लागेल. लागू पडत नाही असं दिसतंय. तुम्ही त्यांना तशी कल्पना देऊन ठेवा."

ही असली कल्पना फोनवर देता येत नाही. रविवारी मी गाडीनं लासूर स्टेशनला उतरले आणि चालत वावरात गेले. लिंबाखाली तात्या आणि पाटील बसले होते. पाटील फार वाळले होते, डोळे पिवळट झाले होते. म्हाळसाकाकू, म्हणजे तात्याची बायको, कोकरांना पाणी दाखवत होती. साळूबाईंनी चहा आणला. पाटलांनी उपरण्याचा शेव हातात गुंडाळला आणि मग कप धरला.

"काय झालं काका हाताला?" मी विचारलं.

"काय नाय गं. सालं निघायलीत."

"कांद्यात बसतेत ना दिवसभर," साळूबाई म्हणाल्या. "किती येळा सांगितलं, आता हात नका लावू म्हून."

पाटलांनी उपरणं सोडून तळहात पुढे केला. कातडी पापुद्र्यांनी सुटली होती आणि आतून लाल कोवळं मांस दिसत होतं. कांद्यानं असं होत नाही. हे मला डॉक्टरांनी सांगितलं होतं, चित्रात दाखवलं होतं. मी तात्याकडे पाहिलं. तो मेंढ्यांकडे बघत होता.

"तात्या, तू गोळ्या किती खातोस?"

तो काठीनं माती उकरायला लागला.

"किती खातोस?"

"दोन."

"आणि दोन?"

उत्तर पाटलांनी दिलं, अगदी सरळपणे. "दोन मी खातो की. डॉक्टरीणबाईनं मागून सूर्यभानच्या हाती माह्यासाठी बी दिल्यात ना. कुनाला सांगू नका म्हन्ल्यात, म्हून आमी बोललो नाय."

मग माझ्या चेहऱ्याकडे बघून ते थबकले. त्यांनी तात्याकडे मान वळवली. "सूर्यभान?"

"त्यांनी नाय दिल्या," तात्या म्हणाला. "माह्याच व्हत्या. भाकरी मोडली व्हती ना आपण."

मला संताप आवरला नाही. मी त्या दोन म्हाताऱ्यांसमोर उभी राहून ओरडले. "अर्ध्या औषधानं जंत निबर होतात म्हणून जगाला शिव्या घालतोस! तुला कळत नव्हतं? तुझा रिपोर्ट चढतोय! ती गोळी बंद करणार आहेत आता! आणि काकांना ती सोसत नाही, म्हणूनच त्यांना दिली नव्हती!"

"कळत व्हतं," तात्या म्हणाला. त्याचा आवाज एकदम बारीक झाला. "सगळं कळत व्हतं पोरी. पन मेंढरू दुसऱ्या मेंढराच्या तोंडाकडं बघत नाय. ह्ये रोज सकाळी म्होरं बसायचे. ज्यानं मला हाताला धरून दवाखान्यात नेलं, त्याच्याम्होरं एकट्यानं कसं गिळू? घास उतरत नव्हता."

म्हाळसाकाकू बादली तिथंच टाकून पुढे आली. "माह्याम्होरं कधी गिळतच नव्हते," ती म्हणाली. "मला वाटलं, लाजत आसतेल."

सगळ्यांत आधी साळूबाई बोलल्या, आणि त्या जे बोलल्या ते मी जन्मात विसरणार नाही. त्या माझ्याजवळ आल्या, माझं मनगट धरलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "मंग ह्यांना चारी दिल्या तर?"

त्या बाईच्या डोळ्यांत मला बघवेना. मी जमिनीकडे बघत सांगितलं, की काकांचा आजार यकृतात गेलाय, तिथं ही गोळी लागू पडत नाही, चार दिल्या तरी नाही आणि आठ दिल्या तरी नाही. त्यांनी माझं मनगट सोडलं आणि पदर तोंडाला लावून त्या घराकडे गेल्या.

 पाटील लिंबाच्या बुंध्याला धरून उठले. इतक्या वर्षांत ते तात्यावर रागावलेले कुणी पाहिले नव्हते.

"तुह्या जिवाचा घास माह्या तोंडात घातलास व्हय रे? मला न सांगता? काय समजलास तू मला?"

"पाटील..."

"गप. भाकरी आजवर कुनी मोडली? म्या मोडली ना? माह्या बापानं मोडली. मंग मोडायची का नाय ते बी म्याच सांगनार. ही भाकरी मोडायची नाय, सूर्यभान. ही तू एकट्यानं खायची, आन माह्याम्होरं खायची. मला बघायचंय."

तात्या लहान पोरासारखा रडला. तो रडताना मी त्याआधी कधी पाहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी तात्याला घेऊन डॉक्टर मोनिकांकडे गेले आणि सगळं सांगितलं. त्यांनी तात्याची फाईल पुढे ओढली आणि पहिल्यापासून चाळली. मग म्हणाल्या, "मला हे वर, अभ्यास चालवणाऱ्यांना कळवावं लागेल." कळवलं. मधले दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत, वर्गात फळ्याकडे तोंड केलं की काय लिहायचं तेच आठवेना. शेवटी निरोप आला, की तात्याचे आकडे अभ्यासात धरणार नाहीत, पण आजार अजून हाताबाहेर गेलेला नाही, म्हणून गोळी पुढे देता येईल. पाटलांनाही बोलावून तपासलं. गोळी त्यांच्या अंगातून लवकर बाहेर पडत नव्हती, म्हणून हात तसे सोलले होते. तिनं त्यांचा आजार वाढवला नव्हता, कमीही केला नव्हता. हे ऐकल्यावर तात्यानं पहिल्यांदा नीट श्वास घेतला.

त्यानंतर पाटील रोज सकाळी लिंबाखाली येऊन बसायचे. तात्या त्यांच्यासमोर चार गोळ्या एकेक करून गिळायचा आणि लहान मूल दाखवतं तसं तोंड उघडून दाखवायचा. "जीभ वर कर," पाटील म्हणायचे. दोघं हसायचे. 

मिरगाच्या तोंडावर कळप डोंगरावर परतला, तेव्हा पाटलांनी फोन सुरू केला. रोज सकाळी, गुरांचं दूध काढून झालं की.

"गिळल्या का?"

"गिळल्या, पाटील."

"चार?"

"चारी."

आणि फोन बंद. यापलीकडे ते एक शब्द बोलत नसत. आषाढात तात्याच्या तळहातांची सालं निघायला लागली. पन्नास वर्षांचे घट्टे सोलून निघाले आणि खालचे हात बाळंतघरातल्या पोरासारखे मऊ झाले. त्याला काठी धरवेना, भाकरी मोडवेना. पण रिपोर्ट उतरला होता, आणि पुढचाही उतरला. डॉक्टर मोनिका मला म्हणाल्या, "आजार गेलेला नाही. पण पेशी मरायला लागल्यात. किती दिवस, ते मी सांगू शकत नाही." मला तेवढं पुष्कळ होतं. मी हॉस्पिटलाच्या पायरीवर बसून पेढा खाल्ला, एकटीनं.

तात्यानं पाटलांना फोन करून सांगितलं. पलीकडून फक्त "ब्येस झालं" एवढं ऐकू आलं. आवाज फार खोल गेला होता.

भाद्रपदात पाटील गेले. तात्या लासूरला गेला, खांदा दिला, आणि तिथून थेट माझ्याकडे आला, कारण आठवडाभरात त्याची तपासणी होती. आला तो मुका होऊन आला. सकाळी मी पाणी आणि गोळ्यांची डबी समोर ठेवली. त्यानं डबी बाजूला सारली. दुसऱ्या दिवशीही तेच. मी रागावले, समजावलं, काकूला फोन लावून दिला, हात जोडले. तो नेहमीसारखी मान डोलवत होता आणि गोळी काही तोंडात घालत नव्हता.

"कुनाला दावू गिळून?" एवढंच एकदा म्हणाला.

तिसऱ्या सकाळी मी शाळेच्या गडबडीत होते. तात्या खिडकीशी बसला होता, चार गोळ्या सोललेल्या तळहातावर घेऊन, नुसता त्यांच्याकडे बघत. त्याचा फोन वाजला. पाटलांच्याच नंबरावरून. तो फोनकडे बघत राहिला, उचलेना. मी उचलला.

"भाऊला दे," साळूबाई म्हणाल्या.

मी फोन त्याच्या कानाला लावला. खोली एवढीशी, पलीकडचं सगळं मला ऐकू येत होतं.

"गिळल्या का, भाऊ?"

तात्याचे ओठ हलले. "वैनी, तुमी कामून..."

"गिळल्या का तेवढं सांगा."

"नाय."

"मंग गिळा. मी हाय फोनवर."

त्यानं एक गोळी तोंडात टाकली आणि पाणी प्यायला. मग दुसरी. अर्धं पाणी सदऱ्यावर सांडलं. तिसरी. चौथी घशात अडकली, तो खोकला, पुन्हा पाणी प्यायला. 

"गिळल्या, वैनी."

"चार?"

"चारी."

पलीकडे साळूबाईंना हुंदका फुटला. तात्या फोन कानाशी घट्ट धरून बसला, तोही रडत होता, आणि दोघांपैकी कुणीच फोन ठेवत नव्हतं. बऱ्याच वेळानं त्या म्हणाल्या, "उद्या बी करते. उचला मातर."

"व्हय," तात्या म्हणाला.